हाकेचा ढीग

फाल्गुन सरत आला होता. सागाची पानं झडून अरण्य विरळ झालं होतं, आणि त्या पर्णहीन, धूसर अरण्यातून, वैनगंगेच्या घाटापासून पूर्वेकडे, नवी सडक निघाली होती. ताम्रवर्णी सडक, सरळ सडक, निःशब्द सडक.

सडकेच्या टोकाशी सात झोपड्या. वऱ्हाडातून आलेली सात कुटुंबं. सडक बांधा आणि सडकेकाठची जमीन घ्या, असा कौल त्यांना मिळाला होता. काळ्या मातीत जन्मलेली, ढेकळांत वाढलेली ही मैदानी माणसं. साधा दगड दिसला तरी हरखून जायची.

म्हणून तर नाल्याच्या वळणावर कमरेइतका उंच दगडांचा ढीग पाहून त्यांच्यातला डोमा नाचायचाच बाकी राहिला होता. फोडायला नको, शोधायला नको, आयतं घबाड! दोन दिवसांत त्याने तो ढीग गाडीगाडीने सडकेत घातला. त्यातले तीन गोल, श्यामवर्ण दगड तेवढे त्याने बायकोसाठी, बयनासाठी, चुलीला आणले.

आज डोमा एकटाच गाडी घेऊन घाटावर मीठ आणायला गेला होता. दिवस मावळायच्या आत येतो म्हणाला होता. बयनाने भाकरी थापली, भाकरी निवली, आणि सूर्य सागांच्या उघड्या फांद्यांत उतरला.

अरण्यातल्या जुन्या पाड्यावरचा म्हातारा बुधा मडावी पाणी मागायला दारात थांबला. तांब्या ओठाशी नेता नेता त्याची नजर चुलीवर गेली. तांब्या तसाच खाली आला.

“हे गोटे कुठून आनले वं, माय?”

“नाल्याच्या वळणावरून. ढीग होता ना तिथं? सारा सडकेत गेला.”

म्हातारा चुलीपाशी वाकला. मग हळूच म्हणाला, “थो वाघाचा ढीग होता. जिथं मानूस नेला, तिथं जानारा एक गोटा टाकते, मोठ्यानं हाक देते, मंगच पाय उचलते. ढीग दिसला का समजते, इथं मुकाट जाऊ नये. आता ढीगच नाही. हाक कोन देईल?”

डोमा त्याच वळणावरून एकटा यायचा होता. तीन पावसाळ्यांचा संसार, आणि तो त्या तीन दगडांवर शिजत होता! तिने चुलीवर पाणी ओतलं. वाफेतून एक दगड ओढला, पदरात गुंडाळला. ऊन दगड, जड दगड, कुणाच्या तरी नावाचा दगड.

बुधा कुऱ्हाड घेऊन पुढे, ती मागे. बुधा हाळी देत होता. बयनाच्या गळ्याशी मात्र नाव येत होतं आणि अडत होतं. नवऱ्याचं नाव ती लग्नातल्या उखाण्यात एकदा लाजत बोलली होती, त्यानंतर कधीच नाही. “अहो,” ती ओरडली, “अहो, धनी!” तांबूस उजेडात ती निनावी हाक सडकेवर कुठवर गेली कुणास ठाऊक.

समोरून घुंगरं वाजली. बयनाला हायसं वाटलं, पण क्षणभरच. बैल उधळलेले होते, त्यांच्या तोंडाला फेस होता. गाडीत नुसतं मिठाचं पोतं होतं. कासरा धुळीत घासत चालला होता.

नाल्याच्या वळणावर डोमाचं मुंडासं पडलं होतं. ढिगाच्या जागी मोकळी, चोपलेली भुई. त्यानेच किती निगुतीने चोपली होती ती!

बयनाने पदर सोडला. जुन्या ढिगासाठी आणलेला दगड नव्या ढिगाचा पहिला दगड झाला. तो अजून कोमट होता. बुधाने शेजारी दुसरा ठेवला आणि तो गप्प उभा राहिला, कारण हाक तिची होती.

“डोमा!” ती ओरडली. “डोमाऽऽ!”

सडक सरळ होती, सडक मोकळी होती. सडकेने ते नाव लांब लांब नेलं, आणि परत आणलं नाही.