काटकोनातली वायर

मिस्त्रींनी आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं आणि कुणाकडून फसवूनही घेतलं नव्हतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. बाजारात ते तराजूच्या काट्याकडे असे टक लावून बघत, की भाजीवाला न मागता दोन मिरच्या वर टाकी. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी इंटरनेटचं छोटंसं दुकान चालवणारी वायरवाली ताई म्हणाली, "महिन्याचे पैसे वेगळे, जोडणीची फी वेगळी," आणि मिस्त्रींच्या भुवया टोपीला जाऊन टेकल्या.

"जोडणीची फी म्हणजे?"

"खांबापासून तुमच्या घरापर्यंत वायर आणायची, सांधायची, डबा बसवायचा, त्याची. एकदाच द्यायची."

"भाजीवाला तराजूचे पैसे घेतो का गं पोरी?"

"भाजीवाला भाजी घरी येऊन फोडणीला टाकतो का, काका?"

दुकानात बसलेला शिंपी खो खो हसला. मिस्त्रींनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं हसणं खोकल्यात बुडवलं.

"मोठी कंपनी फुकट जोडून देते," मिस्त्री म्हणाले.

"देते ना. मग दोन वर्षं तिच्याच दावणीला. आणि यायला किती दिवस सांगितले?"

मिस्त्री आधी तिथेच नाव नोंदवून आले होते. तीन आठवडे सांगितले होते आणि इथे रविवार चार दिवसांवर आला होता.

रविवारी दुपारी चार वाजता मिस्त्रींच्या बायकोचा पहिला शिवणवर्ग होता. बाईंनी एका शिवणशाळेत एकोणीस वर्षं शिकवलं होतं. शाळा तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांनी एक दिवस साफ नकार दिला आणि बाई घरी बसल्या. आठ महिने त्या खिडकीत बसून चांगले पडदे उसवत आणि पुन्हा शिवत. मिस्त्रींना ते बघवत नसे, पण दुखण्यापुढे सुताराचं काय चालणार? मग जुन्या विद्यार्थिनींनीच फोन केला, "बाई, तुम्ही येऊ नका, आम्हीच फोनच्या पडद्यावर येतो." बघता बघता अकरा जणी जमल्या. त्या दिवसापासून बाई स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या. मिस्त्रींनी खिडकीसमोरच्या भिंतीशी टेबल लावलं, फोन वरून कापडाकडे बघेल असा लाकडी हात करून दिला. अडचण एकच. त्या खोलीत फोनवरचं नेट दोन शब्द बोलायचं आणि दम खायला बसायचं.

वर्गाला प्रवेश फी ठेवावी हा आग्रहही मिस्त्रींचाच. बाईंना पहिला महिना नुसताच शिकवायचा होता. मिस्त्री म्हणाले होते, "फुकट शिकवलंस तर अकराच्या अकरा जणी उशिरा येतील आणि कात्री तुझीच मागतील."

हे सगळं डोक्यात असूनही त्यांनी दुकानात हेका सोडला नाही. "तूही फी सोडून दे. गिऱ्हाईक वाढेल."

"मागच्या उन्हाळ्यात सोडून बघितली, काका. परीक्षांच्या दिवसांत वीस घरं धावत आली. परीक्षा संपल्या, वीसच्या वीस डबे माझ्या टेबलावर. एका घरी वायर परत आणायला गेले तर तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते. चांगली ताणून बांधली होती, चिमटे लावून." ती हसत सांगत होती, पण मग तिनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. "खरं सांगू? यंदा पुन्हा सोडावी का, तेच कळत नाहीये. मोठ्या कंपनीची जाहिरात समोरच्या भिंतीवर लागल्यापासून जो येतो तो तुमच्यासारखंच बोलतो. फी ठेवली तर नवं कुणी येत नाही, सोडली तर शिडीवर चढायला मला परवडत नाही."

मिस्त्रींनी टेबलावर बोट वाजवलं. "मग असं कर. वायर मी ओढतो. चाळीस वर्षं भिंतींशीच खेळलोय. तू फक्त टोकं जोड. आता कसली फी?"

ताईनं थोडा विचार केला आणि वायरचं भेंडोळं पुढं सरकवलं. "चालेल. पण एकच सांगते, काका. वळणं मोठी घ्या. घट्ट वळवू नका."

मिस्त्री मनात म्हणाले, ज्यांना नीट कोपरा घेता येत नाही ते मोठी वळणं घेतात.

घरी आल्यावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दाताखालचा दोरा तोडला आणि विचारलं, "अहो, तुम्ही दारं करून द्यायचात तेव्हा बसवणीचे वेगळे घ्यायचात ना?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"दार जड असतं," मिस्त्री म्हणाले आणि हातोडी शोधायला गेले.

शनिवारी त्यांनी जे काम केलं ते बघायला शेजारपाजार जमला. दोरी ताणून पेन्सिलीनं रेघ मारली, पाणसळ लावून बघितली. वायर खिडकीवरून आत, छताच्या कडेनं सरळ, कपाटामागून खाली, दाराच्या चौकटीला वळसा आणि टेबलापाशी. सात कोपरे. प्रत्येक कोपरा त्यांनी अंगठ्यानं दाबून असा काटकोनात बसवला, की गुण्या लावला तर केसाची फट दिसू नये. शेवटी वायर बरोबर मापात कापली. एक वीतसुद्धा वाया नाही. मग खुर्चीत बसून चहा पिता पिता ते बराच वेळ भिंतीकडेच बघत राहिले.

रविवारी दुपारी एक वाजता ताई खांबावरचं काम आटपून आत आली. तिनं भिंतीवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा जरा गंभीर झाला.

"काका, काम प्रदर्शनात ठेवण्यासारखं आहे."

"आहेच," मिस्त्री म्हणाले.

तिनं टोक जोडलं, डबा लावला. डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. मिस्त्रींनी डब्याला हलकेच चापट मारली. लाल ते लालच.

"हिरवा कधी होतो?" बाईंनी विचारलं. त्यांनी कापड, पट्टी, खडू सगळं मांडून ठेवलं होतं. नवी साडीसुद्धा नेसल्या होत्या.

ताईनं पिशवीतून पेनासारखं काहीतरी काढलं आणि वायरीच्या खिडकीकडच्या टोकाला लावलं. "खिडकीचा पडदा ओढा."

खोलीत अंधार झाला, आणि मिस्त्रींना त्यांचे सातही कोपरे दिसले. प्रत्येक कोपऱ्यातून लाल उजेड गळत होता. जणू भिंतीवर कुणी सात निखारे चिकटवले होते. चौकटीपाशी तर सगळा उजेड तिथंच सांडला होता, पुढे काळोख.

"आत काच असते, काका. केसाइतकी. तिच्यातून उजेड धावतो. त्याला काटकोनात वळता येत नाही, तो बाहेर पडतो. आणि इथे चौकटीशी काच मोडलीच आहे."

पडदा पुन्हा उघडला तेव्हा त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. टेबलावरची कात्री तिनं उचलली होती आणि हळूच शिवणाच्या डब्यात ठेवत होती. आठ महिने पडदे उसवताना जसा चेहरा असायचा, तसाच चेहरा.

"ठेवू नकोस ती," मिस्त्री म्हणाले. "किती मोठं वळण लागतं, पोरी?"

"चहाच्या कपाच्या तोंडाइतकं."

"वाजले किती?"

"दीड."

मिस्त्री अंगणात धावले. धावले म्हणजे त्यांच्या वयाला शोभेल इतपत. अडगळीत एका मोडक्या टेबलाचा गोल पाय होता, चांगला जाडजूड. करवत चालू झाली. सात कोपऱ्यांच्या सात आणि एक जास्तीची, अशा भाकरीसारख्या आठ चकत्या पडल्या. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, कपाच्या तोंडाशी लावून बघितल्या आणि ते आत आले.

"ही घे. कोपऱ्यात ही ठोकायची, वायर हिच्या अंगावरून न्यायची. उजेडाला म्हणावं, घे वळसा घालून."

ताई शिडीवर चढली, मिस्त्रींनी शिडी धरली. ती सांगेल तशी चकती देत होते, सांगेल तिथे गप्प बसत होते. हे दुसरं काम जास्त अवघड होतं. जुनी वायर कुठेच पुरेना, कारण वळण मोठं झालं की लांबी वाढते आणि मिस्त्रींनी तर वीतभरही शिल्लक ठेवली नव्हती. ताईनं नवा तुकडा काढला आणि सांधायला बसली. वायरीची कातडी सोलली, आतली काच पुसली, टोक छाटलं, छोट्या मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवली. त्या क्षणी तिनं श्वास रोखला.

मिस्त्रींनी तो श्वास ओळखला. पटाशीचा शेवटचा घाव घालताना ते स्वतः असाच रोखत. कारण तो चुकला तर लाकूड, दिवस आणि नाव, तिन्ही जातात. त्या श्वासाचे पैसे त्यांनी आयुष्यभर घेतले होते आणि त्याला बसवणी म्हटलं होतं.

मशीनमध्ये बारीकशी ठिणगी चमकली. चारला पाच मिनिटं कमी असताना डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

बाईंनी शिवणाच्या डब्यातून कात्री काढून टेबलावर ठेवली. मग नवऱ्याच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

मिस्त्रींनी कपाटातून फीचे पैसे आणले. ताई मागे सरली. "अहो काका, वायर तुम्हीच ओढलीत की. ठरलं होतं ना आपलं?"

"ओढली म्हणूनच देतोय. माझ्या ओढण्यानं तुला एकच काम दोनदा करावं लागलं."

"मग निम्मे घेते."

"मी कधी निम्म्यात दार बसवलं नाही, तू निम्म्यात वायर कशाला बसवतेस? धर. आणि ती फी सोडायबिडायची नाही. पुढचा कुणी कुरकुरला तर सरळ माझ्याकडे पाठव. पडदा ओढून त्याला निखारे दाखवीन."

ताईनं पैसे घेतले, आणि भिंतीवरच्या गोल चकत्यांकडे बघत म्हणाली, "असल्या चाळीस करून द्याल? प्लास्टिकच्या मिळतात, पण थंडीत तडकतात. पैसे रोख देईन."

"देतो की," मिस्त्री म्हणाले. "बसवणी वेगळी."

तेवढ्यात फोनच्या पडद्यावर एकेक चेहरा उगवायला लागला. अकरा झाले, मग बारावाही आला. तो कुणी ओळखेना. बारावी म्हणाली, "बाई, मी तुमच्या एका विद्यार्थिनीची जाऊ. दुसरीकडच्या वर्गाला प्रवेश फी नाही म्हणतात. तुमच्याकडे आहे का हो?"

बाईंनी चष्म्यावरून दाराकडे बघितलं. दारात वायरवाली ताई शिडी काखेत मारून थांबली होती, ओठ दाबून. मिस्त्रींनी घाईघाईनं उरलेली चकती उचलली आणि आधीच गुळगुळीत असलेली तिची कड पुन्हा घासायला घेतली.

"आहे," बाई म्हणाल्या. "आणि कात्री आपापली आणायची. चला, कापड पसरा."