जरा जड जातंय

आमच्या घरात कुणालाही कधी साधा त्रास झालाच नाही. डब्याचं झाकण घट्ट बसलं की आईचा जीव मेटाकुटीला यायचा. भाजीची पिशवी घेऊन बाबा दोन जिने चढले की त्यांचं कंबरडं मोडायचं. शाळेत सहा गणितं दिली की माझ्या नाकी नऊ यायचे, आणि मला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की आईच्या जिवाला घोर लागलेला असायचा. पाहुणे घाबरायचे. आम्हाला सवय होती. एवढं मोठं काहीतरी तोंडातून गेलं की निम्मा त्रास तिथेच संपायचा आणि चहा पिऊन सगळे ठणठणीत.

ताई तेवढी आमच्यातली नव्हती. नऊ वर्षांची असताना तिच्या उजव्या हाताचं हाड मोडलं, तर "जरा दुखतंय" म्हणाली आणि डाव्या हातानं जेवायला बसली.

पुढे ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या फोनवर बसायला लागली. दिवसाला शंभर-सव्वाशे फोन. प्रत्येकाची चिठ्ठी लिहायची आणि दुरुस्तीची गाडी आधी कुठे पाठवायची ते ठरवायचं. त्यासाठी तिची एक रीत होती.

"जो बोंबलतो ना, त्याच्यात अजून बोंबलण्याइतकं बळ आहे. त्याची चिठ्ठी खाली," ती मला सांगायची. "जो हळूच म्हणतो, बघा, जमलं तर, त्याचा नळ चार दिवस कोरडा असतो. त्याची सगळ्यात वर."

"म्हणजे आपलं अख्खं खानदान तळाशी."

"तू तर तळाच्याही खाली, लाटसाहेब," ती हसून म्हणायची.

बाबा गेले, त्यानंतर तीन वर्षांनी आई न्हाणीघरात पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. तोंड शाबूत राहिलं. ताईनं लग्न केलं नव्हतं, ती आईजवळच राहायची, त्यामुळे आईला कोण बघणार हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मी तर नाहीच नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या, बायको, मुलगी. रविवारी जायचो, आईची नखं कापायचो, तासभर गप्पा मारायचो आणि मोठा तीर मारल्यासारखा परत यायचो.

ताई पहाटे पाचला उठायची. आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा खुर्चीत. मग शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन आठला कामावर. संध्याकाळी सगळं उलट्या क्रमानं. उचलताना आई रोज ओरडायची, "मेले गं! हाडं खिळखिळी केलीस माझी!" भिंतीपलीकडे काकूंना ते घड्याळाच्या टोल्यासारखं पाठ झालं होतं. ताई फक्त "हो हो, झालं" म्हणायची.

एका गुरुवारी दुपारी तिचा दुकानात फोन आला.

"ऐक ना, मला जरा जड जातंय. पंधरा दिवस आईला तुझ्याकडे नेशील? जमलं तर."

"पुढच्या महिन्यात बघू ना, ताई. घराचं रंगकाम काढलंय. आणि इथे तर माझी पार वाट लागलीये, मान वर करायला फुरसत नाही."

"बरं. राहू दे मग."

रंगकाम काढलं नव्हतं. रंगाऱ्याशी नुसतं बोलणं झालं होतं. मला आई घरात नको होती, एवढंच खरं. तिचं ते 'जरा' आणि ते 'जमलं तर' मी दोन्ही ऐकलं, फोन ठेवला आणि काच घासायला घेतली.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी ताईनं आईला खुर्चीत बसवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि तिथेच जमिनीवर बसली. मग आडवी झाली. आई खुर्चीतून वाकली तरी हात पोचेना. ती ओरडली, "अगं धावा, मेली माझी पोर!" काकूंनी ऐकलं आणि स्वयंपाक चालू ठेवला. चाळीस मिनिटं आई ओरडत होती. शेवटी आवाज बसला, तेव्हा काकूंना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं आणि त्या डोकावल्या.

हृदय, डॉक्टर म्हणाले. महिनाभर तरी दुखत असणार. काकूंना दोष कसा देऊ? त्यांना रोजचंच ऐकू आलं होतं. मला रोजचं नाही, वेगळं ऐकू आलं होतं, आणि ते ओळखायला तिनंच मला शिकवलं होतं.

तिच्या कार्यालयात सामान आणायला गेलो. डबा, शाल, मीच बनवून दिलेला चष्मा. तिथल्या मोठ्या बाईंनी एक कागद पुढे केला. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज, मंजुरीची सही झालेला. खाली ताईच्या अक्षरात एक ओळ होती, 'रजा रद्द करावी.' तारीख त्याच गुरुवारची.

"आम्ही विचारलं का म्हणून," बाई म्हणाल्या. "तर म्हणाल्या, भावाकडे रंगकाम आहे."

मी तिथे उभ्या उभ्या रडलो. फोन वाजत होते आणि कुणी उचलत नव्हतं.

आई आता माझ्याकडे असते. उचलायचं कसब माझ्यात नाही. परवा माझ्या घड्याळाच्या पट्ट्यानं तिची पाठ सोलली, तरी हूं नाही की चूं नाही. पानात अर्धी भाकरी तशीच टाकते. बायको ओरडते, मी ओरडतो, ती पोट भरलं म्हणते. मला वाटायचं, लेकीच्या दुःखानं अन्न जात नसेल.

आज सकाळी उचलताना तिचं अंग एकदम ताठ झालं, चेहरा लालबुंद. मी घाबरून तिला खुर्चीत टेकवलं.

"काय होतंय? दुखतंय का?"

खुर्चीत नीट बसेपर्यंत ती बोललीच नाही. मग तिनं भस्सकन श्वास सोडला.

"श्वास धरला होता," ती म्हणाली. "म्हटलं, तेवढीच हलकी लागेन तुला."

मी तिच्या पायाशी बसलो. तिचे दंड हातात धरून पाहिले, नुसती कातडी.

"म्हणून जेवत नाहीस का गं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिच्या वेळी नाही रे सुचलं."