मी चॉकलेटाची रवी

मी रवी बोलतेय. ताकाची नव्हे हां, चॉकलेटाची! नाक मुरडू नका, तुमच्या ताकवालीची मी लांबची मावसबहीणच. वाहाकाच्या डोंगरात एका डुलक्या घेणाऱ्या सुतारानं मला कोरलं. कमरेला लाकडाच्याच सैल कड्या ठेवल्या, म्हणून तळहातांत फिरले की मी खुळखुळ हसते. झेनायदाला लग्नात मिळाले, आणि तिच्या गाठोड्यात झोपून सीमेपल्याड परक्या देशात सालिनासला आले. नवरा मळ्यात, सासू क्रिस्पिना खुर्चीत, मी खिळ्यावर. वाफेत डोळे मिटून लोंबायचं, बस.

मग इत्सेल झाली. अडीच वर्षांची झाली तरी बोलंना, हाक मारली तरी बघंना. भिंतीवरचं ऊन हलताना बघत बसायची. मीही तेच बघायचे, म्हणून आमचं जमायचं.

पोरीची वाढ वेगळी आहे असं डॉक्टरनं सांगितल्यापासून दर मंगळवारी सरकारकडनं मेगन बाई घरी यायला लागल्या, तिला शिकवायला. पिशवीभर खेळणी आणि तोंडात पुस्तकातलं स्पॅनिश. झेनायदा पहाटेपासून फरशी घासायची, पोरीच्या वेण्या घालायची. बाई आल्या रे आल्या की स्वयंपाकघरात पळायची आणि दार लोटून गरम चॉकलेटात मला गरागरा फिरवायची.

"फेस काढ गं चांगला," सासू म्हणायची. "सरकारी बाई आहे, पाणचट देशील!"

कप समोर गेला की बाई म्हणायच्या, "नको हो, आम्हाला घ्यायची परवानगी नाही."

झेनायदाचं तोंड एवढंसं व्हायचं. "आपल्या घरची किळस येते त्यांना."

एका मंगळवारी बाईंनीच दार ढकललं. "झेनायदाताई, तुम्ही कधी शेजारी बसतच नाही. नको असेल तर येणं थांबवते. तशीही पोर तीन वर्षांची झाली की आमचं येणं संपतं."

झेनायदा रडकुंडीला आली. "मी मधे लुडबुडले तर तुम्हाला राग येईल ना!"

"आमच्या गावात मास्तर शिकवतो तेव्हा आई-बाप कुंपणाबाहेर थांबतात," सासू खुर्चीतनं गरजली. "आणि चॉकलेटाला नको म्हणायला हिला शिकवलं कुणी?"

बाई लाल झाल्या. मग तिथंच फरशीवर बसल्या. "चुकलं माझं. पण मी गेल्यावर तिच्याजवळ तुम्हीच असता ना? रोज करता तेच करा. मी बघते."

झेनायदानं मला फिरवलं. मी हसले. ऊन सोडून इत्सेल दुडुदुडु आली.

"आता थांबा," बाई कुजबुजल्या. "तिला मागू द्या."

झेनायदा थांबली. वाफ छतापर्यंत गेली, फेसाचे बुडबुडे एकेक करून विरले. मी श्वास धरला. इत्सेलनं मान वर केली, थेट आईच्या डोळ्यांत बघितलं आणि आईचा हात ओढून माझ्यावर ठेवला.

शब्द नाही. पण मागितलं!

आता माझी दशा विचारू नका. एक कडी पोरीनं चावून फोडली, मूठ सदा लाळेनं ओली. मी खेळण्यांतच लोळते. घरच्या चॉकलेटात गुठळ्या होतात, सासू कुरकुरते. गिळा म्हणावं! पण तुमच्या लेकराला शिकवायला कुणी घरी आलं, तर मानापायी दाराआड लपू नका बरं. शेजारी टेका.

सरका आता, इत्सेलची हाक आली. हाक म्हणजे नुसतं 'आ' हो. पण माझं नाव तेच असणार.