उजवी पाकळी

"सत्या, उजवी पडली रे!"

भाई ओरडतच बर्फाच्या कारखान्यात शिरले, तेव्हा सत्यवानाच्या खांद्यावर लादी होती. भाईंनी पानात जपून आणलेली जास्वंदीची पाकळी त्याच्यासमोर धरली. "देवान उजवो कौल दिल्यान. आता पणजीक जावचाच!"

सत्यवान तीनदा राज्याचा हेवीवेट चॅम्पियन. शिरोड्यात मात्र अख्खी लादी एकट्याने उचलणारा एवढीच त्याची ओळख. बॉक्सिंगचं कौतुक इथे कुणाला! ते वेड भाईंचं. आरमारात ते बॉक्सिंग शिकले, पण किताबाची लढत काही त्यांच्या नशिबी आली नाही. गावी परतून त्यांनी माडाला वाळूचं पोतं टांगलं आणि बापाविना वाढलेल्या सत्यवानाला त्याच्यासमोर उभं केलं.

आता पणजीत देशाच्या किताबाची लढत होती. आणि सत्यवानाच्या डाव्या डोळ्याचा पडदा फाटत चालला होता. आणखी एक जोराचा ठोसा बसला तर डोळा गेला, असं सावंतवाडीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे तिघांनाच ठाऊक: तो, बायको जानकी आणि भाई.

जानकी नको म्हणे, भाई हो म्हणत. शेवटी सत्यवानाने देवावर सोडलं. पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. एका कामाला एकदाच विचारायचं. पण भावाला मुलगी झाल्याने घरात सुवेर, देवळाची पायरी चढायची सोय नाही. म्हणून त्याने भाईंना धाडलं. त्यांच्याइतकं हक्काचं दुसरं होतं कोण?

"आणि डोळो?" जानकीने भाईंना विचारलं.

"देवाक म्हायत नाय काय गो? सगळा बघूनच दिल्यान मां!"

जानकी त्याची पिशवी भरायला उठली.

लढतीआधीच्या तपासणीत पणजीतला डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून मोकळा झाला. चौथ्या फेरीत ठोसा बसला आणि सत्यवानाला अर्धा हॉल दिसेनासा झाला. तेव्हाच हात वर केला असता तर कदाचित निभावलं असतं. पण देवाने हो म्हटलंय, मग माघार कशी घ्यायची? तो शेवटपर्यंत उभा राहिला आणि हरला. डोळा गेला. त्याने कुणालाही बोल लावला नाही.

महिन्याने तो नारळ घेऊन देवळात गेला. दाजी गुरव त्याच्याकडे बघतच राहिला.

"कित्याक गेलंस रे? तीनदा डावी पडली होती."

"तीनदा?"

"सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. मी म्हटलंय, भाईनु, आता पुरे. तर ते म्हणाले, सत्यवानानच सांगल्यान हा, परत लाव. बेस्तरवारी उजवी पडली." दाजी चाचरला. "माका वाटला, तुका म्हायत आसा."

सत्यवानाने नारळ तिथेच ठेवला. डोळा गेला तेव्हासुद्धा इतकं दुखलं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीसारखे भाई आले आणि पडवीतल्या बाकावर त्याच्या डावीकडे टेकले. कोल्हापूरच्या कुठल्याशा डॉक्टरबद्दल सांगू लागले. रोज सत्यवान मान पूर्ण वळवून त्यांच्याकडे बघायचा. त्याशिवाय ते दिसतच नसत.

"सत्या, ऐकतंस मां रे?"

तो समोर माडाला लोंबणाऱ्या पोत्याकडे बघत बसला. मान त्याने वळवली नाही.