सोमवारचं पाणी

दुपारचे दोन वाजले तशी वृद्धाश्रमातल्या मावशीने पाण्याचा जग उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवला. आता तो उद्या सकाळशिवाय खाली यायचा नाही, हे खोलीतल्या दोघीही जाणून होत्या.

"वरून मीच ओतायचं आणि खालून मीच पुसायचं," मावशी हसत म्हणाली. "चौदा जणी आहात तुम्ही. चौदा चादरी दिवसातून चारदा बदलायला मला काय चार हात आहेत?"

हे बेबीसाठी होतं. बेबी ऐंशीची. अर्धांगाने तिची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती, आणि मागेपुढे विचारणारं कुणी नव्हतं. ती कपाटावरच्या जगाकडे बघत राहिली. जग काचेचा होता, त्यामुळे आत किती पाणी आहे ते दिसायचं.

शेजारच्या खाटेवरच्या आजींची गोष्ट वेगळी. त्यांचा मुलगा दर रविवारी यायचा, म्हणून त्यांच्या उशाशी पेला कायम भरलेला असे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या खाटेवरून उतरल्या नव्हत्या, पण डोकं लख्ख होतं. चाळीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत शहराच्या पाण्याचे नमुने तपासले होते. आल्या त्याच दिवशी "हे औषध किती मिलीलीटर दिलंत?" असं विचारल्यामुळे मावशीने त्यांना 'मिलीलीटर आजी' करून टाकलं होतं.

बेबीच्या पायथ्याशी पाण्याचा तक्ता टांगलेला असे. दिवसातून आठदा पाणी पाजायचं आणि दर वेळी आकडा लिहायचा, असा इथला नियम. मावशी आठही रकाने सकाळीच एका दमात भरून मोकळी व्हायची. दोनशे, दोनशे, दोनशे. आजींना आधी त्या आकड्यांचीच चीड आली. खरं मोजमाप इतकं गुळगुळीत कधी नसतं.

मग त्यांनी स्वतः मोजायला घेतलं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पेला भरून पाहिला, दीडशेचा निघाला. बेबीला सकाळी अर्धा मिळायचा, जेवणाबरोबर अर्धा. दीडशेच, दिवसभरात. खाटांमध्ये हातभर अंतर होतं. आजी हात लांब करून बेबीच्या हाताची कातडी चिमटीत उचलायच्या, सोडायच्या, आणि घडी मोडेपर्यंत सेकंद मोजायच्या. अंगातलं पाणी जितकं कमी, तितका घडी मोडायला उशीर. सोमवारी दोन. मंगळवारी तीन. बुधवारी पाच. शब्दकोड्यांच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने वार, पाणी, सेकंद असं लिहायच्या. मावशीची पाठ वळली की नॅपकिनचं टोक आपल्या पेल्यात बुडवून बेबीच्या डाव्या मुठीत द्यायच्या. बेबी ते चोखून कोरडं करायची.

"रविवारी माझा मुलगा येईल," आजी सांगायच्या. "त्याला हे दाखवते. लहानपणापासून आकडे दिसले की तो वाद घालत नाही. तो जग खाली येईल बघ."

बेबी त्यांचं बोट दाबायची.

बुधवारी उशीचा अभ्रा बदलताना मावशीच्या हाती ते पुस्तक लागलं. तिने चार पानं उलटली, समास वाचले.

"कोडी सोडवताय? सोडवा, सोडवा. डोकं चालतं राहिलेलं बरं." आणि पुस्तक जिथल्या तिथे ठेवून दिलं. ती ओरडली असती तर आजींना बरं वाटलं असतं.

प्रत्येक खोलीत खाटांसमोर एक पांढरा फळा होता. म्हाताऱ्या माणसांचा वेळेचा हिशेब सुटू नये म्हणून रोज सकाळी त्यावर वार लिहायचा. आजी जाग्या झाल्या तेव्हा मावशी फळा तळहाताने पुसत होती. तिने लिहिलं: शुक्रवार.

"गुरुवार कुठे गेला?"

"अगं बाई! काल दिवसभर घोरत होतात की! नवी गोळी चांगलीच लागू पडली. खोटं वाटत असेल तर बेबीला विचारा." स्वतःच्या विनोदावर ती मनापासून हसली.

बेबीचा डावा हात चादरीवर जोरजोरात हलत होता. तहान लागली असेल, असं वाटून आजींनी नॅपकिन भिजवला.

रात्रीच्या नव्या गोळीने डोकं खरंच जड होतं. आजींनी प्रामाणिकपणे लिहिलं: 'गुरुवार. झोप. मोजमाप नाही.' चाळीस वर्षांत त्यांनी एकाही तापमापकावर दुसरा शेजारी ठेवल्याशिवाय विश्वास टाकला नव्हता. इथे एकच फळा होता, आणि त्याच्यावर त्यांनी टाकला.

फळ्यावर रविवार आला. आजींनी केस विंचरले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसल्या. अंधार पडेपर्यंत कुणी आलं नाही. त्यांनी लिहिलं: 'रविवार. तो आला नाही. बेबी सात.'

सोमवारी सकाळचं अर्धा पेला पाणी नोंदवून झालं होतं, तेवढ्यात मावशी लगबगीने आत आली. फळ्यासमोर उभी राहून तिने काहीतरी आवरल्यासारखं केलं, आणि पाठोपाठ मुलगा आला.

"काल वाट बघून डोळे शिणले माझे," आजी म्हणाल्या. "आज कामाच्या दिवशी कसा उगवलास?"

"आई, आज रविवार आहे."

"मला वार शिकवू नकोस. सोमवार आहे. फळ्यावर..."

मावशी बाजूला झाली. फळ्यावर रविवार होता.

मुलाने फोनवरचा वारही त्यांच्यासमोर धरला. आजींनी तो नीट वाचला. मग सगळं एकदम लक्षात आलं: फळ्यावर शुक्रवार झालेला तो गुरुवार, 'नाही' म्हणून हलणारा बेबीचा हात.

"हिने फळा बदलला. आत्ता. तळहात बघ तिचा."

मावशीने दोन्ही हात पुढे केले. उजवा शाईने निळा होता. "रोजच असतो हो दादा. फळा मीच लिहिते ना."

"बरं, ते राहू दे. हे वाच." आजींनी पुस्तक दिलं. "बेबीला पाणी देत नाहीत. सगळं लिहिलंय."

मुलाने वाचलं. लक्ष देऊन वाचलं, अगदी शेवटपर्यंत. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सोमवार, पंचाहत्तर मिलीलीटर. आई, सोमवार उद्या आहे."

"उद्याचं पाणी आजच मोजून ठेवलं आजींनी," मावशी हळुवारपणे म्हणाली. "होतं असं वयोमानाने. मनाला लावून घेऊ नका दादा." तिने जग खाली घेतला, पेला काठोकाठ भरला आणि बेबीच्या तोंडाला लावला. बेबीने श्वास न घेता तो संपवला. ठसका लागला, पाणी गळ्यावर सांडलं.

"बघ, पितेय की ती," मुलगा म्हणाला.

"कशी पितेय ते बघ ना! अरे बाबा, तिची कातडी एकदा चिमटीत धर. एकदाच. आणि मोज."

"आई, पुरे आता." त्याचे डोळे भरून आले होते. त्याने पुस्तक पिशवीत टाकलं, पेन्सिलही टाकली. "हे नको. उगाच डोक्याला ताप तुझ्या." दाराशी जाऊन तो मावशीला म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. जरा जास्त लक्ष द्या. ती काही म्हणाली तरी मनावर घेऊ नका."

"आजपासून दुप्पट लक्ष," मावशी म्हणाली.

मुलाची जिन्यावरची पावलं विरली. मावशीने बेबीच्या मुठीतून नॅपकिन ओढून काढला. मग बाहेर जाऊन एक कोरा तक्ता घेऊन आली, आजींच्या पायथ्याशी टांगला आणि उभ्या उभ्या भरला. दोनशे, दोनशे, दोनशे. जग कपाटावर गेला. त्याच्या शेजारी आजींचा पेला गेला.

"बोला मिलीलीटर आजी, उद्या कुठला वार लिहू? तुमच्या आवडीचा लिहिते."

ती गेल्यावर आजींनी हात लांब करून बेबीच्या हाताची कातडी उचलली आणि सोडली. आठ. लिहायला काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या हाताची चिमटी घेतली. एक सेकंद. तो आकडा त्यांनी नीट लक्षात ठेवला. पुढच्या आकड्यांशी ताडून बघायला तो लागणार होता.