लच्छू ग्लोबलचा गुप्त करार

आवळटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, त्या दिवशी जेवढी गर्दी होती, तेवढी मासळीच्या लिलावालाही होत नाही. मधोमध टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पिवळ्या कागदी पट्ट्यांची बरणी आणि बरणीमागे बाहेरगावचे भूपेशसर. अंगात पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. ते मात्र सदा उलटंच लोंबायचं.

"रक्त नको, सुई नको, लॅब नको! फक्त जीभ बाहेर काढा!" सर ओरडत होते. "ही आहे जपानच्या तंत्राची विषाणूदर्शन पट्टी! तीस सेकंदांत निकाल! कोरोना असो, डेंगू असो, नाहीतर अजून जन्माला न आलेला विषाणू असो, ही सोडत नाही!"

जन्माला न आलेल्या विषाणूला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष केवळरामभाऊ पुढे झाले. त्यांनी जीभ काढली, सरांनी पट्टी टेकवली आणि पिवळा कागद बघता बघता लालभडक झाला. बायांनी तोंडावर पदर घेतला. सरांनी शांतपणे एका बाटलीतला 'सुरक्षा अर्क' चमचाभर दिला, चूळ भरायला लावली आणि दुसरी पट्टी टेकवली. ती पिवळीच राहिली.

"विषाणू खतम!" सर म्हणाले. दोघांनी तर तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडून घेतलं.

मी या गावचा पोस्टमन. पंचवीस वर्षं घरोघरी टपाल वाटतोय आणि सोबत 'असं काही नसतं' हेही फुकट वाटतोय. त्यामुळे मी मोठ्या ऐटीत पुढे गेलो, जीभ काढली आणि माझीही पट्टी लाल झाली. खोटं कशाला सांगू, अर्काचे दोन चमचे मागून घेतले.

भूपेशसरांची खरी हुशारी पुढे होती. त्यांना पट्ट्या विकायच्याच नव्हत्या, कंपनीतला हिस्सा विकायचा होता. एका फार मोठ्या कंपनीशी म्हणे भागीदारी ठरली होती. ती जाहीर झाली की हिस्सा दसपट होणार. पण जाहीर व्हायच्या आत फक्त 'आपल्या माणसांना' मिळणार, आणि आवळटोल्याची माणसं कधी त्यांची आपली झाली कोण जाणे.

"भागीदार कोन हाय जी?" केवळरामभाऊंनी विचारलं.

सरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं. "करार गुप्त आहे. मी हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही."

बस! तेवढ्या एका वाक्यावर पत्रूच्या पानठेल्यावर तीन दिवस सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला गेला. एक म्हणाला, सरांच्या मोटरसायकलीला भद्रावतीकडचा चिखल होता, म्हणजे तिथले दारूगोळा फॅक्टरीवाले फौजेसाठी पट्टी घेणार. दुसऱ्यानं सूरजागडच्या लोहखाणीकडे जाणारं हेलिकॉप्टर पाहिलं होतं, त्याच्या मते सही त्याच्यातच झाली. मी सांगून पाहिलं की सरांच्या नावानं आजवर साधं पोस्टकार्डही आलेलं नाही. तर पत्रू म्हणाला, "पोस्टमनभाऊ, एवढे मोठे लोक करार पोस्टानं पाठवतेत का?" माझी शंकाही पुरावा म्हणून जमा झाली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तलावात दर पावसाळ्यात मासळीची बोटुकली सोडावी लागतात, बोटभर लांबीची पिल्लं. ती वाढतात, तेव्हा वर्षभर चाळीस घरं जेवतात. त्या बोटुकलींसाठी संस्थेनं राखून ठेवलेला पैसा केवळरामभाऊंना भूपेशसरांच्या हातात द्यायचा होता.

टोपलीत मासळी घेऊन गावोगाव विकणारी गोकुळाबाई एकटी भांडली. "एक साल तलाव खाली राह्यला होता तं मिरची तोडाले तेलंगणात गेलो होतो सारे. मायी पोरगी रंजीता तिथी चार महिने शाळेबाहेर होती. औंदा दहावी हाय तिची. मी तिले मिरचीच्या वावरात नाई नेत."

"अवो बाई, दसपट झाल्यावर रंजीताले नागपूरले शिकव ना!" केवळरामभाऊ म्हणाले. माणूस लबाड नव्हता, त्याला खरोखर गावाचं भलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा ठरली.

संध्याकाळी माझी सून रोशनी घरी आली. ती गावची आशा कार्यकर्ती आहे. हिवताप तपासायची किट तिच्या पिशवीत कायम असते. तिनं एक पिवळी पट्टी टेबलावरून गुपचूप उचलून आणली होती.

"मामाजी, माया किटचं एकेक पाकीट सीलबंद रायते. त्याच्यावर नंबर, तारीख रायते. किट बरोबर चालते का नाई, ते सांगाची येक लाईन वेगळी उमटते. याच्यात काय हाय? उघड्या बरणीत कागद! मी सरले विचारलं तं म्हणते, ते जुनं तंत्र हाय बाई."

"पण माझी पट्टी लाल झाली ना!"

"कोनाकोनाची झाली? केवळरामभाऊची, पत्रूभाऊची, ठमाबाईची अन् तुमची. रंजीताचं सर्दीनं नाक वाहून राह्यलं, तिची पिवळीच. सर्दी काऊन होते? विषाणूनंच ना? मामाजी, तोंडात काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो, पण खर्र्यानं गाल फुगलेला होता.

तिनं पट्टी फाडून अर्धी माझ्या जिभेला लावली. लाल. मग मला मोरीवर उभं करून दहा चुळा भरायला लावल्या आणि उरलेली अर्धी लावली. पिवळी. मग तिनं हळदीच्या पाण्यात वहीचा कागद बुडवला, चुलीजवळ वाळवला आणि माझ्याच खिशातल्या डबीतला चुना बोटानं लावला. कागद लाल! वरून लिंबू पिळलं, परत पिवळा.

"हा तुमचा विषाणू," चुन्याची डबी दाखवत ती म्हणाली, "अन् हा सुरक्षा अर्क." लिंबाची फोड तिनं माझ्या वरणात पिळली.

मी चपला शोधायला लागलो. गाव गोळा करून आत्ताच सांगायचं होतं. तिनं अडवलं. "आता सांगानं काई होनार नाई. केवळरामभाऊ म्हनन, एवढी मोठी कंपनी मांगं उभी हाय, ते पागल हाय का? पट्टीवर कोनाचाच भरोसा नाई मामाजी, भरोसा त्या न दिसनाऱ्या भागीदारावर हाय. पयले त्याले पाडा लागन."

आणि माझ्या सुनेनं जो खट्याळपणा केला, त्याबद्दल मी तिला जन्मभर मानीन. ती पत्रूच्या ठेल्यावर गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, कोनाले सांगू नका. भागीदाराचं नाव समजलं. लच्छू ग्लोबल."

कोणाला सांगू नका म्हटल्यावर बातमी घटकाभरात साऱ्या गावात पोचली. झोपायच्या वेळेपर्यंत लच्छू ग्लोबलचं मुख्यालय सिंगापूरला गेलं. एकाच्या मेव्हण्याचा मित्र तर तिथे नोकरीलाही लागला.

सकाळी पाळीवर सभा भरली. केवळरामभाऊंनी हात जोडून विचारलं, "सर, नाव आमाले समजलं. लच्छू ग्लोबल. खरं का जी?"

भूपेशसर क्षणभर थबकले. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, बोट ओठांवर गेलं आणि चेहऱ्यावर गोड हसू पसरलं. "तुमच्या गावातली माणसं फार पोचलेली आहेत! मी हो म्हणत नाही. नाही पण म्हणत नाही."

रोशनी उभी राहिली. "सर, लच्छूसाहेब कसे हायत सभावानं?"

"अत्यंत साधे!" सर रंगात आले. "मागच्याच आठवड्यात सोबत जेवलो. दाढीवाला माणूस, मोजकं बोलणार. पण एकदा ठरवलं की मागे हटणार नाही."

"बरोबर हाय," रोशनी म्हणाली. "मामाजी, साहेबाले आना."

मी पाळीखालून आमचा लच्छू ओढत वर आणला. लच्छू म्हणजे आमचा बोकड. दाढी आहे, बोलतो मोजकंच, आणि ठरवलं की मागे हटत नाही हेही अगदी खरं, कारण त्याला पाळीवर चढवताना माझा घाम निघाला. वर येताच त्यानं टेबलावरचे हिश्श्याचे करारनामे खायला सुरुवात केली.

आधी कोणाला काही कळेना. मग गोकुळाबाई हसली आणि तिच्यामागे अख्खी पाळ हसू लागली. ठमाबाई तर हसता हसता खालीच बसली. केवळरामभाऊ तेवढे हसले नाहीत. ते भूपेशसरांकडे एकटक बघत राहिले.

हशा ओसरायच्या आत रोशनीनं बरणीतली पट्टी काढून माझ्या चुन्याच्या डबीत बुडवली. "पाहा, चुन्याले विषाणू झाला!" लिंबू पिळलं. "पाहा, बरा झाला! ज्याच्या तोंडात खर्रा, नाईतर चुना लावलेला तंबाखू, त्याची पट्टी लाल. बाकी साऱ्यायची पिवळी."

"हळदीले चुना लावला का लाल होते, ते तं मायी आजी बी सांगत जाय!" गोकुळाबाई ओरडली. "कुंकू तसंच बनवत होते ना! अन् आमी त्याले जपानचं तंत्र समजून राह्यलो होतो!"

भूपेशसर "ही कंपनीची बदनामी आहे" असं काहीतरी म्हणत मोटरसायकलीकडे सरकले. पण गोकुळाबाईनं सकाळीच त्या गाडीवर मासळीचं जाळं टाकून गाठी मारून ठेवल्या होत्या. मी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत सर त्या गाठी सोडवत बसले होते. कोणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही, रोशनीनं लावू दिला नाही.

मला राग भूपेशचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. त्यानं भागीदाराचं नाव कधी घेतलंच नव्हतं. फॅक्टरी आम्ही आणली, हेलिकॉप्टर आम्ही उडवलं, सिंगापूरचं ऑफिससुद्धा आम्हीच थाटलं. तो नुसता गप्प राहिला आणि आम्ही आपल्या हव्यासानं मोकळी जागा भरत गेलो. झटपट चाचण्या खोट्या नसतात. रोशनीच्या किटनं या गावातली माणसं वाचवली आहेत. पण खरी गोष्ट प्रश्नाला भीत नाही. कोण बनवतं, कोणी तपासलं, कोणाची सही आहे, हे विचारा. 'गुप्त आहे' असं उत्तर आलं तर पैसा खिशात ठेवा आणि घरी जा.

दुसऱ्या दिवशी बोटुकलींची गाडी आली. पैसे द्यायला केवळरामभाऊ स्वतः पुढे झाले नाहीत, त्यांनी गोकुळाबाईला पुढे केलं. तिनं पाण्याची एक पिशवी उघडायला लावली, ओंजळीत पिल्लं घेऊन ती वळवळतात का ते पाहिलं, कुठल्या मत्स्यबीज केंद्रातली, कधी निघाली, जात कोणती, सगळं विचारलं आणि पावतीवर सही मागितली.

गाडीवाला वैतागला. "बाई, माह्यावर भरोसा नाई का?"

"हाय ना भाऊ," गोकुळाबाई म्हणाली. "म्हनून तं विचारून राह्यली. भरोसा नसता तं वापस पाठवली असती गाडी."

त्यानं सही केली आणि तिनं पिशवीचं तोंड तलावात उघडलं.