रेघ वर गेली तेव्हा

प्रयोगशाळेत टाळीसरांचं खरं नाव कोणी घेत नसे. भाषणात दर दोन वाक्यांनी ते थांबायचे आणि समोरचे टाळ्या वाजवेपर्यंत सावकाश पाणी प्यायचे, म्हणून टाळीसर. त्यांनी कृत्रिम सांध्यांसाठी एक लेप शोधला होता. तो फासला की हाडाच्या जिवंत पेशी सांध्याला घट्ट धरतात, सांधा जागचा हलत नाही, असा त्यांचा दावा. आणि या दाव्याचा पुरावा काय, तर एक रेघ.

रेघ काढणारं यंत्र मात्र खरोखर गुणी होतं. त्यात लेप फासलेली, नाण्याएवढी स्फटिकाची चकती होती, विजेवर थरथरणारी. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा तिचा सूर यंत्र ऐकत राहायचं. चकतीवर काही बसलं की सूर उतरायचा आणि पडद्यावरची रेघ खाली यायची. पण काही म्हणजे काहीही. जिवंत पेशी बसो, मेलेली बसो, रेघ आपली खाली. पेशीने धरून ठेवलंय की ती नुसती टेकलीय, हे सांगायला दुसरी रेघ होती, वीज तोडल्यावर थरथर किती लवकर विरते ते दाखवणारी. शिवाय वरून मिठाचं पाणी सोडून धुतलं की कोण टिकतं आणि कोण वाहून जातं ते उघडच व्हायचं. टाळीसरांनी दुसरी रेघ पडद्यावरून काढून टाकली होती, कारण तिच्यामुळे पाहुणे गोंधळतात. आणि धुणं बंद केलं होतं, कारण त्यात वेळ जातो. वा रे संशोधन!

हे त्यांना तोंडावर सांगणारी हाताखालची एकच मुलगी होती. तिचं नाव त्यांनीच शंका ठेवलं होतं.

शंकेला आई गेल्यावर मामाने वाढवलं होतं. जन्मभर बस चालवून मामाचा खुबा झिजला होता. लेप लावलेला सांधा पहिल्यांदा ज्याला बसणार, तो माणूस म्हणून टाळीसरांनी नेमका मामाला गाठला. घरचाच माणूस घेतला की पोरगी तोंड उघडणार नाही, एवढी अक्कल त्यांना होती. ती संशोधनात कुठे जायची कोण जाणे.

"मामा, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही रे," तिने घरी परोपरीने सांगितलं.

"एवढा मोठा माणूस स्वतः घरी येऊन गेला. चहा प्यायला. तुला आपलं सगळ्यात खुसपट काढायची खोड."

मोठा माणूस! शंकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा पिऊन माणूस मोठा होत असता तर काय हवं होतं.

सांधे बनवणाऱ्या कंपनीचे पाहुणे आले त्या दिवशी मामा सभागृहात पहिल्या रांगेत होता, मांडीवर काठी, हातात सरांनी दिलेला पुष्पगुच्छ. पेशींची बाटली कोमट ठेवायच्या तव्यावर होती. शंका ती उचलायला गेली तर चटका बसला. तव्याचं बटण कोणीतरी पार शेवटपर्यंत फिरवलं होतं.

"सर, हे कोणी केलं?"

"मीच. ऊब मिळाली की पेशींना हुरूप येतो."

"सर, त्या शिजल्या असतील. मेल्या असतील सगळ्या."

"शंके, पाहुणे बसलेत. कर सुरू."

हुरूप म्हणे! तिने बाटली निवू दिली आणि पेशी चकतीवर सोडल्या. रेघ झरझर खाली आली, नेहमीसारखीच देखणी.

"धरलं बघा!" टाळीसर गरजले आणि पाणी प्यायला थांबले. टाळ्या पडल्या. मामानेही गुच्छ बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

शिजवून मारलेल्या पेशींनी पुरावा दिला होता, तोही टाळ्यांसकट. इथे यंत्र बंद करायचं, असा सरांचा शिरस्ता. शंकेचा हात बटणावर गेला आणि मग तिने दुसरंच बटण दाबलं. मिठाचं पाणी सुरू झालं. रेघ थबकली, वळली आणि वर चढत चढत जिथून निघाली होती तिथे परत गेली. चकती कोरी झाली होती.

सभागृह दणाणलं. रेघ वर गेली म्हणजे प्रगतीच, असं पाहुण्यांना वाटलं. ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळीसर क्षणभर पांढरे पडले आणि मग चक्क वाकून नमस्कार करू लागले.

"थांबा!" शंका ओरडली. "सगळं वाहून गेलंय. त्या पेशी मेलेल्याच होत्या."

"मुलगी हुशार आहे, जरा घाबरट आहे," सर हसले. "चला, फोटो घेऊ."

"खाली बस गं," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "चारचौघांत काय हे."

तिला रडू फुटलं, पण रडत बसायला फुरसत नव्हती. तिने धुवून निघालेलं पाणी घेतलं, मामाचा दंड धरला आणि त्याला शेजारच्या खोलीत नेलं. थेंबात निळा रंग घातला, काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही. मेलेली निळी होते. बघ."

मामा कुरकुरत वाकला. मग बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"सगळ्याच निळ्या आहेत."

"यांचीच रेघ बघून तू टाळ्या वाजवल्यास, मामा. तिच्याच भरवशावर तुझं हाड कापायचंय त्यांना."

मामा सरळ झाला. त्याचा हात आपसूक खुब्यावर गेला. तो काठी टेकत सभागृहात परतला. तिथे फोटोची रांग लागली होती.

"या मामा, मध्ये या!" टाळीसरांनी बोलावलं.

"येतो. आधी एक सांगा, त्या निळ्या तुम्ही पाहिल्यात का?"

"निळ्या? कसल्या निळ्या?"

"नाही पाहिल्यात," मामा म्हणाला आणि पाहुण्यांकडे वळला. "चला हो, शेजारच्या खोलीत. माझी भाची दाखवेल."

आधी एक पाहुणा निघाला, मग दुसरा, मग सगळेच. मामाने गुच्छ रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि तोही निघाला. टाळीसरांनी सवयीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. टाळी वाजवायला तिथे कोणीच उरलं नव्हतं.